पियानोच्या झाकणावरचा हात

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा ही एवढी वगळूनच बोलते — जसं काही त्याला माहीतच नाही! सतरा वर्षं झाली. तुम्ही माझे कोण? ना नात्यातले, ना मंडळातले. म्हणूनच तुमच्यापुढे बसले आहे. मध्येच मी भलतंच काही बोलायला लागले, तर समजा की त्या जागेच्या जवळ आले आणि पाय मागे घेतला. मग मला तसंच बसू द्या थोडं.

मी साउथहॅम्प्टनला राहते, तीस वर्षं होतील. नवरा इथल्या हॉस्पिटलात भूल द्यायचा, आता रिटायर झाला. मी मूळची सांगलीची. वडील पेटी वाजवायचे — कीर्तनाला, नाट्यसंगीताच्या मैफलींना, बोलावतील तिथे. मी त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकले. ते गाणाऱ्याच्या जरा मागे, डाव्या अंगाला बसायचे आणि म्हणायचे, साथीला बसलेल्याने गाणाऱ्याला सांभाळायचं असतं, बाकी काही नाही. एकदा एका तबलजीने कसल्याशा अढीपोटी गायकाची लय मुद्दाम ओढली. गायक समेवर यायचा तो आलाच नाही, लोक हसले. त्या तबलजीशी माझे वडील मरेपर्यंत बोलले नाहीत. केसाने गळा कापला म्हणायचे त्याने. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन.

बघा, एवढ्यातच वडिलांना मध्ये आणलं मी. बाईंबद्दल सांगायचं होतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला चर्च हॉल होता. तिथे आठवड्यातून तीनदा बॅलेचा क्लास भरायचा, आणि माझी रुचा सहा वर्षांची झाली तशी तिला मी तिथे घातली. मी काही बॅलेवेडी नव्हते हं. हॉल जवळ होता, बस बदलायला लागत नव्हती, बस्स. क्लास घ्यायच्या त्या वेरा आर्कादियेव्हना. मुली त्यांना मॅडम म्हणायच्या, इंग्लिश आया मिस वेरा म्हणायच्या, आणि मी सांगलीला फोन करायचे तेव्हा सरळ ‘बाई’ म्हणायचे. शिकवणारीला आपल्याकडे दुसरं काय म्हणतात?

बाई लेनिनग्राडच्या. दहाव्या वर्षी तिथल्या बॅलेच्या शाळेत निवडल्या गेल्या, मग तिथेच थिएटरात नाचल्या. पुढे गुडघा गेला. जहाजावरच्या एका इंग्लिश इंजिनियरशी लग्न केलं आणि या बंदराच्या गावात येऊन पडल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. चाळीस वर्षं त्या गार पडलेल्या हॉलमध्ये दुसऱ्यांच्या मुलींना उभं राहायला शिकवलं त्यांनी. हो, उभं राहायला. पहिलं वर्ष तर नुसतं तेवढंच चालायचं. त्यांच्या मुली पुढे मोठमोठ्या कंपन्यांतून नाचल्या, पण त्याहून जास्त जणींनी स्वतःचे क्लास काढले. बेसिंगस्टोकला, ईलिंगला कुठल्या हॉलमध्ये डोकावलात आणि टीचर क्लासच्या आधी झारीने लाकडी फरशीवर पाणी शिंपडताना दिसली, तर खुशाल समजा, ही बाईंची. पाय घसरू नयेत म्हणून शिंपायचं. आपण सडा घालतो ना, तशाच निगुतीने बाई झारी फिरवायच्या.

आणि जीभ! एका मुलीच्या आईला तोंडावर म्हणाल्या होत्या, तुमची मुलगी गोड आहे, पण गोड तर बिस्किटही असतं. मी मेली तेव्हा मनापासून हसले होते.

मी पियानोवर बसले ती अपघाताने. एक दिवस बाईंची पियानोवाली आली नाही. मी आपली रिकामी होते म्हणून पियानोवर एका हाताने एक नाट्यपद चाचपत होते. बाई मागून येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, उजवा हात म्युझिशियन आहे, डावा नुसता पॅसेंजर. खरंच होतं ते. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो, त्याला सूर कुठले ठाऊक? मग वर्षभर दर मंगळवारी क्लासच्या आधी अर्धा तास बाई माझ्या शेजारी बसल्या. त्यांच्या शाळेत नाचणाऱ्यांनाही पियानो शिकावा लागायचा. माझ्या डाव्या हातावर स्वतःचा हाडकुळा हात ठेवून, एकेक बोट दाबून, त्यांनी तो हात जागा केला. हा डावा हात बाईंचा आहे — हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यांची एक रीत होती. नवीन अभ्यास मुलींना एकदा हातांनी करून दाखवायचा, मग पियानोजवळ येऊन झाकणावर दोन बोटांनी लय ठोकायची, आणि सरळ हॉलच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचं. माझ्याकडे पाठ करून. मी सुरू कधी करणार, लय सुटेल का, असलं काही वळून बघणं नाही. माझ्या सासूने कधी चहाचं आधण माझ्यावर सोडलं नाही, आणि या बाईने अख्खा क्लास सोडला होता.

दुसरी रीत म्हणजे शेवटचा नमस्कार. बॅलेचा क्लास संपताना मुली गुडघ्यात वाकून, मान लववून नमस्कार करतात. बाकी ठिकाणी आधी टीचरला, मग पियानोवाल्याला. बाईंचं उलटं. पहिला नमस्कार पियानोला. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मला तेव्हा त्याचा नुसता अभिमान वाटायचा.

आता सई. सईला बाईंकडे मीच नेलं, हे आधी सांगून टाकते. मेधाची मुलगी — मेधा माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. या देशात मला ताप आला तर वरणभात घेऊन येणारी ती एकटी. सई आमच्या रुचाच्याच वयाची. पहिल्या दिवशी बाईंनी तिचा पाय हातात घेतला, घोट्याशी वळवून बघितला आणि काहीच बोलल्या नाहीत. बाई बोलल्या नाहीत म्हणजे काय, ते मला कळत होतं. पुढे पुढे इतरांवर ओरडायच्या आणि सईला मात्र हळू आवाजात चुका सांगायच्या. मी पियानोवरून ऐकत होते. रोज ऐकत होते.

आणि रुचा? मुली दहा वर्षांच्या असताना एकदा हॉलच्या किचनमध्ये बाई मला म्हणाल्या, हिच्याकडे तुझा कान आहे, पाय नाहीत. हिला माझ्याकडून घेऊन जा, पियानोला बसव, पोरीची वर्षं वाया घालवू नकोस. झालं! नाकाला मिरच्या झोंबल्या. बिस्किटावर हसणारी मी — माझ्या पोरीवर आली तेव्हा कुठे गेलं हसू? रुचाला काय हवंय ते मी विचारलंसुद्धा नाही. तिला हॉकी खेळायची होती, हे मला दोन वर्षांनी कळलं. आज ती लीड्सला इन्शुरन्समध्ये आहे. बॅलेचं नाव काढलं की हसते आणि म्हणते, ‘आई, आय हेटेड इट!’

म्हणजे बघा, कोणासाठी केलं मी?

सई अकराची झाली तेव्हा बाईंनी तिच्यासाठी एका मोठ्या निवासी बॅले शाळेला पत्र लिहिलं. कितीतरी वर्षांत कोणासाठी लिहिलं नव्हतं. बाईंचं पत्र म्हटल्यावर त्या शाळेची दोन माणसं मुलीला बघायला आमच्या हॉलमध्ये यायला तयार झाली. त्याच आठवड्यात मेधा माझ्याकडे चकल्यांचा डबा घेऊन आली. ‘तुझ्यामुळे गं,’ म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मी तिला जवळ घेतलं. पोटात दुखणं म्हणजे नुसती म्हणायची गोष्ट नाही हो, खरोखर दुखतं. बरगड्यांच्या खाली, उजवीकडे. चकल्या मी तशाच ठेवल्या, मऊ पडल्या तशा टाकून दिल्या.

शनिवारची दुपार. एक पुरुष आणि एक बाई, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्यांवर, मांडीवर वह्या. दारापाशी आया. दांड्याला धरून करायचे अभ्यास झाले, सई सुरेख करत होती. त्या पाहुणीने एकदा पुरुषाच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं आणि तो हसला — चांगलं हसला. मग सईला एकटीला मध्ये बोलावलं. संथ अभ्यास होता. एका पायावर उभं राहून दुसरा पाय बाजूला हळूहळू खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचा, तिथे धरून ठेवायचा, मग मागे फिरवायचा. आधी उजव्या बाजूला, मग तेच सगळं डाव्या.

बाई पियानोशी आल्या. दोन बोटांनी झाकणावर लय ठोकली. मुलीला झेपेल अशी, नेमकी. आणि माझ्याकडे पाठ करून चालत गेल्या.

थांबा जरा —

मी लय ओढली. धाडकन नाही, तसं कोणालाही कळलं असतं. दर मात्रेला केसभर. आणि डाव्या हाताने, कारण नाचणारी उभी असते ती खर्जावर, उजवा हात नुसता वरची नक्षी काढतो. सईचा पाय वर गेला, खांद्याशी आला, आता चार मात्रा धरायचा — आणि त्या चार मात्रा मी संपूच दिल्या नाहीत. तिने काय करायला हवं होतं? मला सोडून पुढे जायला हवं होतं. पण बाईंची मुलगी ती, संगीत सोडायचं नाही हे तिच्या हाडात मुरलेलं. ती माझी वाट बघत राहिली. अकरा वर्षांची पोर, पाय हवेत थरथरतोय, आणि वाट कोणाची बघतेय, तर माझी! मग खालचा पाय सटकला, ती कलंडली, एक हात फरशीला टेकला.

एवढ्यावर संपलं असतं तर मी आज तुम्हाला म्हटलं असतं की हात घसरला. दडपण होतं, चुकलं. माझं मलासुद्धा मी तसंच पटवलं असतं. पण अभ्यास दोन्ही बाजूंचा असतो. डावी बाजू राहिली होती. सईने नाक पुसलं, उभी राहिली, माझ्याकडे बघून मान हलवली — तयार आहे मी, मावशी. आणि मी पुन्हा ओढली.

दुसऱ्यांदा ती पडली तेव्हा बाई वळल्या. त्यांनी सईकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग त्या पाहुण्यांकडे वळून स्वच्छ म्हणाल्या, ‘लय मी चुकीची दिली. चूक माझी. मुलीला परत बघा.’

पुरुषाने हसून मान डोलावली आणि घड्याळ बघितलं. पुढचे उड्यांचे अभ्यास त्यांनी बघितले, पण सईच्या अंगातलं अवसानच गेलं होतं. दोन आठवड्यांनी पत्र आलं, नाही म्हणून. त्या शाळेत अकराव्या वर्षीच घेतात. पुढच्या वर्षी परत बघू, असं नसतं तिथे.

त्या दिवशी कपडे बदलून सई माझ्यापाशी आली. इथे जन्मलेली पोर, मराठी तशीच मोडकी. ‘मावशी, मी चुकला ना? मी म्युझिकच्या पुढे पळाला.’ तिला वाटत होतं तीच पुढे धावली! आणि मी म्हटलं, ‘होतं असं, बाळा.’ तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कोणता, तेही आठवतंय मला.

तुम्हाला वाटत असेल, हाच माझा गुन्हा. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. पण याच्याहून वाईट दहा मिनिटांनी घडलं, किचनमध्ये, कप विसळताना. मेधा आली. चेहरा उतरलेला. ‘अगं, खरंच बाईंची चूक होती?’ हो-नाही काही न बोलता कप पुसत राहिले असते तरी चाललं असतं. पण उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. म्हटलं, ‘वय झालंय गं. हल्ली विसरतात.’

बाई काही विसरत नव्हत्या! तीस वर्षांपूर्वीच्या मुलीचा घोटा कुठल्या बाजूला कलायचा, ते सांगायच्या.

मेधाने ते रागाने दुसऱ्या आईला सांगितलं. तिने कार पार्कमध्ये तिसरीला. मिस वेराला आता लय राहत नाही, परवा म्हणे मुलीचं नाव विसरली. नाव विसरल्याचं कोणी जोडलं, देव जाणे, मी नव्हतं सांगितलं. पण खोडून तरी कुठे काढलं? बाईंनी सगळ्यांसमोर स्वतःच चूक कबूल केली होती ना, मग कोणाला शंका येणार? माझी चूक त्यांनी अंगावर घेतली आणि मी ती त्यांच्या अंगाला शिवून टाकली. सईने चार महिन्यांत क्लास सोडला. एकेक करत मुली दुसरीकडे गेल्या. दोन वर्षांनी बाईंनी हॉलची किल्ली परत केली. चाळीस वर्षं शिंपलेली ती फरशी — शेवटच्या दिवशी आम्ही पाच माणसं होतो.

त्या दोन वर्षांत त्यांनी मला काढलं नाही. एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त एक गोष्ट बदलली. त्या शनिवारनंतर बाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला कधी गेल्या नाहीत. लय ठोकायच्या आणि तिथेच, माझ्या शेजारी उभ्या राहायच्या, पियानोच्या झाकणावर पंजा पालथा टेकवून. माझी प्रत्येक मात्रा लाकडातून त्यांच्या हातात जात होती. लोक हळहळायचे — बिचारीला आता उभं राहायला आधार लागतो. आणि क्लास संपला की त्याच हाताने मुलींना खूण करायच्या, पहिला नमस्कार पियानोला.

पुढे त्या वृद्धांच्या होममध्ये गेल्या. मी जायचे, वर्षातून दोन-तीनदा, संत्री घेऊन. तिथेही जुन्या मुली यायच्या आणि त्यांच्याशी मोठ्याने, सावकाश बोलायच्या, विसरभोळ्या माणसाशी बोलतात तसं. बाई ऐकून घ्यायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. शेवटच्या भेटीत, गेल्या हिवाळ्यात, आम्ही दोघीच होतो. बाई एक्याण्णव वर्षांच्या. एकदम त्यांनी पलंगाजवळच्या टेबलावर दोन बोटांनी ठोकलं. तीच लय. नेमकी तीच, जी त्या दुपारी दिली होती. मी ओळखली. त्यांना कळलं की मी ओळखली. बोलायला यापेक्षा सोपी वेळ कोणाला मिळते? मी खाली बघून संत्र्याच्या शिरा काढत बसले. पंधरा दिवसांनी फोन आला.

गेल्या महिन्यात त्याच हॉलमध्ये त्यांच्या आठवणींचा कार्यक्रम झाला. बेसिंगस्टोकला क्लास चालवणारी त्यांची क्लेअर, तिने एक छोटं पुस्तक छापलं. शेवटच्या वर्षांबद्दल तिने लिहिलं — स्मरण आणि लय त्यांना सोडून गेली, तरी त्या शिकवत राहिल्या, आणि त्यांच्या निष्ठावान पियानिस्टने त्यांना सांभाळलं. छापण्याआधी तो कागद तिने माझ्याकडे पाठवला होता, काही चुकलं असेल तर दुरुस्त करा म्हणून. मी पेन घेऊन बसले. माझ्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त केलं आणि कागद परत पाठवला. कार्यक्रमात तो परिच्छेद वाचायलाही मलाच सांगितलं. वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी क्लेअरने सगळ्यांना उभं केलं. साठ-सत्तर बायका, अंगात कोट, कोणाच्या कडेवर मूल. मी पियानोवर. दुसऱ्या रांगेत सई, आता आमच्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांना परत पायावर उभं करते. शेजारी मेधा. क्लेअर म्हणाली, मॅडमच्या रीतीने. आधी पियानो.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. सई गुडघ्यात वाकली — अजून किती सुंदर वाकते — आणि तिने माझ्यापुढे मान लववली. मी बसल्या जागी मान लववून तो नमस्कार घेतला. झाकणावर कोणाचा हात नव्हता.

बाईंनी दिलेली लय बरोबर होती. मी ओढली. दोन्ही बाजूंना.